मॉरिशस ते रॉड्रिग्स: दोन बेटांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबईहून मॉरिशसला जाणारा प्रवासी बहुधा एकाच बेटाचा विचार करून निघतो. तिथे पोहोचल्यावर, किंवा कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मजुरांच्या वंशजांशी, म्हणजे तिथल्या मराठी कुटुंबांशी बोलताना, त्याला कळते की याच देशाचे आणखी एक लहान बेट पूर्वेला भर समुद्रात आहे, त्याचे नाव रॉड्रिग्स आहे आणि तिथे जाण्यासाठी पुन्हा विमान पकडावे लागते. मग दोन प्रश्न उभे राहतात. ते बेट किती लांब आहे आणि पोहोचायला किती वेळ लागतो? इंटरनेटवर शोध घेतला तर एका ठिकाणी ६०० किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी ६२० किलोमीटर, कुठे पाऊण तास, कुठे दीड तास अशी उत्तरे मिळतात आणि नवखा माणूस गोंधळतो. खरे तर यांतील बहुतेक उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी असते.

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देतो. दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारण दीड तास धरलेला असतो. मात्र मुक्कामाच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा हिशेब केला तर अर्धा दिवस बाजूला काढावा लागतो. हे आकडे कसे येतात, ते आपल्याला स्वतः कसे पडताळता येतात आणि कोणता आकडा कशासाठी वापरायचा, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. गणित शालेय पातळीचेच आहे आणि त्याला कॅल्क्युलेटर पुरतो.

पहिली पायरी: नेमके कुठून कुठपर्यंत मोजायचे ते ठरवा

अंतर मोजण्यापूर्वी दोन टोके निश्चित करावी लागतात. ही गोष्ट इतकी उघड वाटते की बहुतेकांचा पहिला घोटाळा इथेच होतो. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई बेटाच्या वायव्येला आहे, तर सर शिवसागर रामगुलाम आंतरराष्ट्रीय विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, स्थानिक लोक ज्या भागाला प्लेझांस म्हणतात तिथे आहे. रॉड्रिग्समध्ये परिस्थिती याच धर्तीची आहे, कारण तिथले मुख्य गाव पोर्ट माथुरिन उत्तर किनाऱ्यावर आहे आणि प्लेन कोराय येथील विमानतळ, ज्याला आता सर गाएतां द्यूव्हाल यांचे नाव दिलेले आहे, नैऋत्य टोकाला आहे.

म्हणजे कुणी राजधानी ते मुख्य गाव असे अंतर मोजले तर ते सुमारे ६२० किलोमीटर भरते, आणि विमानतळ ते विमानतळ मोजले तर वीसेक किलोमीटर कमी भरते. इंटरनेटवरील दोन आकड्यांमधला फरक यातूनच येतो. विमान गावातून उडत नाही, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा विमानतळांचाच आहे. अंतर दाखवणाऱ्या कोणत्याही साधनात शक्यतो शहराचे नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी सांकेतिक शब्द टाकावा. मॉरिशसचा एमआरयू आणि रॉड्रिग्सचा आरआरजी. हेच संकेत तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर छापलेले असतात, त्यामुळे ते लक्षात ठेवण्याचा फायदा पुढेही होतो.

दुसरी पायरी: अक्षांश आणि रेखांश नीट उतरवून घ्या

मॉरिशसचा विमानतळ २० अंश २५.८ मिनिटे दक्षिण अक्षांशावर आणि ५७ अंश ४१ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. रॉड्रिग्सचा विमानतळ १९ अंश ४५.५ मिनिटे दक्षिण आणि ६३ अंश २१.७ मिनिटे पूर्व येथे आहे. एवढ्यावरून एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत आणि प्रवास जवळपास सरळ पूर्वेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला आहे.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक अंश आणि मिनिटे यांची. एका अंशात ६० मिनिटे असतात, १०० नव्हेत. त्यामुळे २० अंश २५.८ मिनिटे म्हणजे दशांशात २०.४३ अंश होतात, पण नवशिका सरळ २०.२५८ असे लिहून मोकळा होतो आणि अंतर भलतेच निघते. दुसरी चूक ऋण चिन्हाची. दशांशात लिहिताना दक्षिण अक्षांशाच्या आधी उणे चिन्ह द्यावे लागते. गंमत अशी की दोन्ही ठिकाणी ते चिन्ह विसरले तरी उत्तर बरोबरच येते, कारण विषुववृत्ताच्या उत्तरेला तेवढ्याच अंशांवरच्या दोन बिंदूंमधील अंतर तितकेच असते. एकाच ठिकाणी विसरले तर मात्र एक विमानतळ उत्तर गोलार्धात जाऊन बसतो आणि साधन साडेचार हजार किलोमीटर असे उत्तर देते. मुंबई ते मॉरिशस हे अंतरच सुमारे ४,७०० किलोमीटर आहे, हे ठाऊक असेल तर असे उत्तर पाहताच शंका यायला हवी. म्हणूनच, कोणतेही गणित करण्याआधी एखादे ओळखीचे अंतर मनाशी धरून ठेवावे असे मी सुचवतो.

तिसरी पायरी: अंतर काढा

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही नकाशावरील सरळ रेषा नसून गोलावरील चाप असतो. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या लांब प्रवासात हा फरक फार मोठा असतो, आणि त्यामुळेच ती विमाने नकाशावर उत्तरेकडे फुगलेली वाट घेताना दिसतात. आपल्या सहाशे किलोमीटरच्या प्रवासात मात्र हा फरक इतका सूक्ष्म आहे की तो सोडून दिला तरी चालतो. म्हणून त्रिकोणमितीच्या मोठ्या सूत्राऐवजी पायथागोरसचा सिद्धान्त वापरून काम भागते.

खलाशी आणि वैमानिक वापरतात तो सागरी मैल इथे फार सोयीचा पडतो, कारण उत्तर-दक्षिण दिशेने एक मिनिट अक्षांश म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन विमानतळांच्या अक्षांशांतील फरक ४०.३ मिनिटे आहे, म्हणजेच उत्तर-दक्षिण अंतर ४०.३ सागरी मैल झाले. रेखांशांतील फरक ५ अंश ४०.७ मिनिटे, म्हणजे ३४०.७ मिनिटे आहे, पण हा आकडा थेट मैल म्हणून घेता येत नाही. विषुववृत्तापासून दूर जावे तसतशा रेखांशाच्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून त्याला सरासरी अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे कॅल्क्युलेटरवरच्या ‘cos’ बटणाने मिळणाऱ्या आकड्याने, गुणावे लागते. इथे सरासरी अक्षांश सुमारे २०.१ अंश आहे, त्याची कोज्या ०.९३९, आणि गुणाकार ३१९.९ सागरी मैल.

आता ४०.३ चा वर्ग १,६२४ आणि ३१९.९ चा वर्ग १,०२,३३६. त्यांची बेरीज १,०३,९६० आणि तिचे वर्गमूळ ३२२.४. म्हणजे दोन विमानतळांमधील अंतर ३२२ सागरी मैलांहून किंचित अधिक, किंवा १.८५२ ने गुणल्यावर सुमारे ५९७ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे हे धरून केलेल्या काटेकोर गणितात हाच आकडा ५९८ च्या आसपास येतो. प्रवाशाने ६०० धरावे. त्याहून सूक्ष्म आकड्याचा त्याला काही उपयोग नाही, कारण विमान तेवढ्या काटेकोर रेषेवरून जातच नाही. ते उड्डाणानंतर वळते, ठरलेल्या मार्गबिंदूंवरून जाते आणि उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळते.

चौथी पायरी: विमान कोणते आहे ते पाहा

माझ्या मते या सगळ्या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित पायरी हीच आहे. अंतर सांगणारी बरीच साधने उड्डाणाचा वेळ काढताना मोठ्या जेट विमानाचा वेग, म्हणजे ताशी ८०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक, गृहीत धरतात. त्या हिशेबाने ६०० किलोमीटरला पाऊण तास लागायला हवा. परंतु या मार्गावर जेट विमान जातच नाही.

त्याचे कारण रॉड्रिग्सच्या धावपट्टीत आहे. प्लेन कोरायची धावपट्टी जेमतेम १,३०० मीटर लांबीची आहे, तर मॉरिशसची तीन किलोमीटरहून लांब आहे. १,३०० मीटरमध्ये मोठ्या जेटला सुरक्षितपणे उतरता येत नाही आणि भरलेल्या वजनासह उडताही येत नाही. म्हणून एअर मॉरिशस येथे एटीआर ७२ हे दोन पंख्यांचे, साधारण सत्तर आसनांचे विमान वापरते, ज्याचा स्थिर उड्डाणातील वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. भारतातील लहान शहरांना जोडणारी एटीआर विमाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे विमान ओळखीचे वाटेल. पंख पोटावर नसून पाठीवर असतात, त्यामुळे खिडकीतून खाली पाहताना पंख आड येत नाही, आणि प्रवासी बहुधा मागच्या दाराने चढतात. रॉड्रिग्ससाठी लांब धावपट्टी बांधण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. ती वापरात येऊन मोठी विमाने जाऊ लागली, तर हे गणित पुन्हा करावे लागेल. अंतर तेच राहील, वेळ बदलेल. १९७२ साली एअर मॉरिशसने या मार्गावर सेवा सुरू केली तेव्हा तर पायपर नवाजो हे मूठभर प्रवासी घेणारे छोटे विमान होते.

आता वेळ काढू. ६०० भागिले ५०० म्हणजे १.२ तास, अर्थात ७२ मिनिटे. पण वेळापत्रकात तर दीड तासाच्या आसपास दिलेला असतो. मग उरलेली अठरा-वीस मिनिटे कुठे जातात? वेळापत्रकातील वेळ ही विमानाची चाके फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, परवानगीची वाट पाहणे, कमी वेगाने वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, धावपट्टीशी रेषा जुळवणे आणि उतरल्यावर पुन्हा रांगत फलाटाशी येणे हे सर्व मिळवलेले असते.

हा वरखर्च दर वेळी जवळपास तितकाच राहतो, मग प्रवास छोटा असो वा मोठा, आणि हे पडताळून पाहण्याची एक सुंदर सोय शेजारीच आहे. मॉरिशस ते फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियन बेटाचा रोलां गारोस विमानतळ हे अंतर वरील पद्धतीने काढले तर सुमारे २३० किलोमीटर भरते. एटीआरच्या वेगाने त्याला २८ मिनिटे पुरावीत, तरी वेळापत्रकात पाऊण तास ते पन्नास मिनिटे दिलेली असतात. इथेही जास्तीची मिनिटे वीसच्याच घरात आहेत. म्हणजे दोन बेटांच्या लहान विमानप्रवासासाठी एक साधा नियम हाती लागतो: किलोमीटरला विमानाच्या वेगाने भागा आणि आलेल्या वेळेत वीस मिनिटे मिळवा. गजबजलेल्या मोठ्या विमानतळांसाठी वीस मिनिटे अपुरी पडतात, मुंबईत तर एवढा वेळ कधी कधी नुसता धावपट्टीच्या रांगेत जातो. पण शांत बेटांच्या विमानतळांसाठी हा नियम चांगला उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: वाऱ्याचा हिशेब धरा

मॉरिशस आणि रॉड्रिग्स दोन्ही बेटे आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहेत. जमिनीलगत वर्षाचा बराच काळ वारा पूर्व-आग्नेयेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर या तिथल्या हिवाळ्यात त्याचा जोर अधिक असतो. यावरून अनेक जण असा निष्कर्ष काढतात की रॉड्रिग्सला जाताना वारा नेहमी समोरून लागेल आणि येताना पाठीवर असेल, म्हणून जाण्याला जास्त वेळ व येण्याला कमी. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, कारण व्यापारी वारे वातावरणाच्या खालच्या थरात असतात आणि एटीआर पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जाते, जिथे हिवाळ्यात अनेकदा वारा उलट, म्हणजे पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून झाडे कोणत्या बाजूला झुकली आहेत ते पाहून उड्डाणाचा वेळ सांगण्याच्या फंदात पडू नये.

वाऱ्याचा परिणाम किती, तेही मोजता येते. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या संदर्भात विमानाचा वेग ४६० उरतो आणि ६०० किलोमीटरला ७८ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीवर असेल तर वेग ५४० होतो आणि ६७ मिनिटे लागतात. म्हणजे जाणे आणि येणे यांत अकरा-बारा मिनिटांचा फरक पडतो. पण दोन्ही वेळांची बेरीज १४५ मिनिटे होते, तर शांत हवेत ती १४४ असते. सोसाट्याचा नसलेला वारा एकूण प्रवासात फारसे काही बदलत नाही, फक्त दोन्ही बाजूंची वाटणी बदलतो. वेळापत्रकात दोन दिशांचे वेळ पाच-दहा मिनिटांनी वेगळे दिसले तर छपाईची चूक समजू नका.

जमिनीलगतच्या वाऱ्याचा खरा परिणाम धावपट्टीवर होतो, कारण विमाने शक्यतो वाऱ्याच्या समोरून उडतात आणि उतरतात. धावपट्टीला दिलेला अंक म्हणजे तिची चुंबकीय दिशा भागिले दहा. मॉरिशसची धावपट्टी एका बाजूने १४ आणि दुसऱ्या बाजूने ३२ आहे, रॉड्रिग्सची १२ आणि ३०. म्हणजे दोन्ही धावपट्ट्या नेहमीच्या वाऱ्याला साजेशा, साधारण आग्नेय-वायव्य आखलेल्या आहेत. यातून एक मजेदार असमानता निर्माण होते. मॉरिशसहून निघालेले विमान आग्नेयेकडे तोंड करून उडते आणि थोडे डावीकडे वळले की रॉड्रिग्सच्या वाटेला लागते, आणि तिथेही ते पश्चिमेकडून येत असल्याने फारसा वळसा न घालता उतरू शकते. परतीच्या प्रवासात मात्र रॉड्रिग्सहून आग्नेयेकडे उडून मागे वळावे लागते, आणि मॉरिशसला पूर्वेकडून आल्यावर आग्नेयेकडे तोंड करून उतरण्यासाठी बेटाच्या पलीकडच्या बाजूने फिरून यावे लागते. पाठीवरच्या वाऱ्याने वाचवलेली काही मिनिटे अशी वळशात खर्च होतात.

सहावी पायरी: घड्याळाचे काय?

येथे सांगण्यासारखे फार थोडे आहे. दोन्ही बेटांचे घड्याळ एकच आहे, त्यामुळे निघण्याच्या वेळेत प्रवासाचा वेळ मिळवला की पोहोचण्याची वेळ मिळते. भारतीय वेळेपेक्षा ती दीड तास मागे असते. मुंबईत दुपारचे दीड वाजले असतील तेव्हा दोन्ही बेटांवर बारा वाजलेले असतात.

सूर्य मात्र घड्याळाचे ऐकत नाही. रॉड्रिग्स मॉरिशसपेक्षा जवळजवळ पावणेसहा अंश पूर्वेला आहे, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून तिथे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सुमारे २३ मिनिटे आधी होतात. जूनमध्ये रॉड्रिग्सला सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या उशिराच्या विमानाने जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, कारण खिडकीतून दिसणारे तिथले उथळ खाजण, जे बेटाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास दुप्पट आहे, अंधारात दिसत नाही. सकाळच्या किंवा दुपारच्या आधीच्या विमानाचे तिकीट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी तेच घ्यावे, असा माझा आग्रही सल्ला आहे.

सातवी पायरी: दारापासून दारापर्यंतचा वेळ जोडा

मुंबई ते मॉरिशस थेट विमानाने सहा तासांहून थोडे अधिक लागतात. मॉरिशसला उतरल्यावर पारपत्र तपासणी होते, सामान घ्यावे लागते, सीमाशुल्क ओलांडावे लागते आणि मग रॉड्रिग्ससाठी पुन्हा चेक-इन करावे लागते. दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी काढली असतील तर ती पूर्णपणे आपली. वेगळी तिकिटे असतील तर दोन विमानांमध्ये निदान चार तास ठेवावेत, आणि त्याहूनही चांगले म्हणजे एक रात्र मॉरिशसमध्ये काढावी. विमानतळाजवळचे माहेबुर हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. पोर्ट लुईला उतरण्याचा विचार असेल तर ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि सकाळ-संध्याकाळी महामार्गावर वाहनांची गर्दी असते, हे ध्यानात घ्यावे. पोर्ट लुई ते क्युरपीप धावणारी मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही.

रॉड्रिग्स हा मॉरिशस प्रजासत्ताकाचाच भाग आहे आणि २००२ पासून तिथे स्वायत्त प्रादेशिक विधानसभा आहे. त्यामुळे हा प्रवास देशांतर्गत असला तरी परदेशी नागरिकाने पारपत्र जवळच ठेवावे, मोठ्या बॅगेत कोंबू नये. सामानाची वजनमर्यादा आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा वेगळी असू शकते आणि ती तिकिटावर लिहिलेली असते. लहान धावपट्टीमुळे या विमानाचे वजन काटेकोरपणे मोजले जाते, तेव्हा तिथे घासाघीस करून काही मिळत नाही. परतताना एक गोष्ट आपल्याकडच्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावी: रॉड्रिग्सची लिंबाची आणि मिरचीची लोणची तसेच मध प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या बरण्या हातातल्या पिशवीत घेतल्या तर सुरक्षातपासणीत अडतात. त्या नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात.

प्लेन कोरायला उतरल्यावर पोर्ट माथुरिन सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरवर आहे. पण मधे डोंगराचा कणा असल्याने रस्ता चढत, वळणे घेत जातो, आणि अर्धा-पाऊण तास सहज लागतो. सहाशे किलोमीटरला दीड तास आणि शेवटच्या दहा किलोमीटरला अर्धा तास, हे प्रमाण बेटांच्या प्रवासात नवे नाही. सारे जोडून पाहू: मॉरिशसमधील मुक्कामापासून विमानतळापर्यंत एक तास, निघण्यापूर्वी विमानतळावर दीड-दोन तास, विमान दीड तास, सामान मिळेपर्यंत अर्धा तास, आणि पुढे गावापर्यंत पाऊण तास. एकूण साडेपाच तासांच्या आसपास. त्यात हवेतला वेळ जेमतेम पाऊणशे मिनिटे आहे. एवढे होऊनही जहाजापेक्षा विमान खूपच बरे, कारण त्याच अंतरासाठी जहाजाला एक दिवसाहून अधिक काळ लागतो.

शेवटची गोष्ट: वादळाचे दिवस

नोव्हेंबर ते एप्रिल हा नैऋत्य हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा काळ असतो, आणि या काळात प्रवास करणाऱ्याने वरचे सगळे आकडे आशावादी समजावेत. मॉरिशसमध्ये वादळाच्या इशाऱ्याचे १ ते ४ असे वर्ग आहेत. हे इशारे मॉरिशस आणि रॉड्रिग्ससाठी स्वतंत्रपणे दिले जातात, त्यामुळे एका बेटावर स्वच्छ ऊन असताना दुसऱ्यावर इशारा लागू असू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी मॉरिशसचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुराचे पाणी आले होते.

वादळ नसले तरी रॉड्रिग्सच्या बाबतीत एक अडचण कायमची आहे. तिथे हवामानामुळे उतरता आले नाही तर जवळपास दुसरा कोणताही विमानतळ नाही, सर्वांत जवळचा म्हणजे पुन्हा मॉरिशसच. म्हणून अशा एकाकी बेटाकडे निघणाऱ्या विमानात जादा इंधनाची तरतूद ठेवावी लागते, आणि धावपट्टीला आडवा वारा फार असेल किंवा ढग खाली उतरले असतील तर विमान न उतरता मागे फिरू शकते. सहाशे किलोमीटर जाऊन सहाशे किलोमीटर परत, आणि पुन्हा त्याच प्रतीक्षागृहात! वैमानिकाचा हा निर्णय बरोबरच असतो, पण त्याच रात्री मुंबईचे विमान पकडायचे असलेल्या प्रवाशाची त्यात फरफट होते.

म्हणून परतीच्या वेळी रॉड्रिग्सहून येणे आणि मॉरिशसहून मुंबईला निघणे एकाच दिवशी ठेवू नका, मधे एक रात्र सोडाच. वादळाच्या महिन्यांत दोन रात्री सोडाव्यात. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा त्या सुमारास तिथल्या मराठी नातेवाइकांकडे जाऊन पुढे रॉड्रिग्सलाही जाण्याचा बेत असेल तर रॉड्रिग्सचा भाग आधी उरकावा आणि सणासाठी मॉरिशसला परत यावे. सत्तर आसनांच्या विमानात सुट्टीच्या आगेमागे जागा लवकर भरतात, तेव्हा मुंबईचे तिकीट काढाल त्याच दिवशी तेही काढा.